वेचलेल्या पऱ्हाटीत बकऱ्या सोडाव्यात का?

प्रश्न : आमची साडेतीन एकर कोरडवाहू पऱ्हाटी आहे आणि घरी सात बकऱ्या. शेवटचा वेचा झाला की शेतात बकऱ्या सोडा, गुलाबी बोंडअळी कमी होते, असं कृषी विभागाची माणसं सांगतात. बकरी खरंच अळी खाते का? आणि एवढी औषधं मारलेलं शेत, बकऱ्यांना काही होणार तर नाही ना?
– एक वाचक, आर्णी (जि. यवतमाळ)

उत्तर : बकरी अळी शोधून खात नाही. ती बोंड खाते, आणि अळी बोंडात असते. सगळा उपाय एवढ्यावरच उभा आहे, आणि तो खरोखर कामाचा आहे.

गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाली की कोवळ्या बोंडात शिरते. शिरल्याचं भोक लगेच बुजतं, म्हणून वरून बोंड साबूत दिसतं आणि फवाऱ्याचं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. आत बसून ती सरकी खाते. थंडी पडून दिवस लहान झाले की बऱ्याच अळ्या कोषात जायचं लांबवतात. दोन सरक्या रेशमानं एकमेकींना जोडून त्यांच्या पोकळीत त्या महिनोन्महिने पडून राहतात. पाऊस येऊन नवी पऱ्हाटी पात्या-फुलांवर आली की यांचेच पतंग तिच्यावर अंडी घालतात. डिसेंबरात झाडावर राहिलेली कवडी बोंडं म्हणजे पुढल्या हंगामाच्या अळीचं बियाणंच. फरदड घेतली, तर हे बियाणं आपणच फेब्रुवारी-मार्चपर्यंत पोसतो. पाणी आहे म्हणून फरदड ठेवण्याचा मोह मी समजू शकतो, पण त्या चार किलो कापसाची किंमत पुढच्या वर्षी सगळं शिवार मोजतं.

उशिरा लागलेली, न फुटलेली बोंडं बहुधा शेंड्याकडे असतात. मेंढी मान खाली घालून चरते, बकरी मात्र मागच्या पायांवर उभी राहून शेंडा गाठते आणि हलत्या ओठांनी नेमकं बोंड खुडते. चावलेलं पुन्हा रवंथ होऊन बारीक होतं. तिच्या पोटातली ऊब 39 अंशांच्या वर असते. एवढ्या दळणातून आणि पाचकरसांतून अळी जगत नाही.

पण बकरी जमीन उकरत नाही. आपल्या काळ्या जमिनीच्या भेगांत पडलेल्या सरकीतल्या अळ्या तिच्या हाती लागत नाहीत. म्हणून बकऱ्या आठ-दहा दिवस चरल्या की पऱ्हाटी मुळासकट उपटायलाच हवी आणि मग खोल नांगरट. उपटलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग धुऱ्यावर जूनपर्यंत रचून ठेवाल, तर केलेली मेहनत वाया जाईल, कारण त्या ढिगातही अळी असते. चुलीसाठी लागतील तेवढ्या लवकर संपवा, बाकीच्यांचा यंत्रानं भुगा करून खत करा.

आता विषाचं. तुमची भीती रास्त आहे. 2017 साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेनं 20 च्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, आणि त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं राज्यभर पऱ्हाटी पोखरली. फवारणी किती वाढली होती, ते आर्णीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी औषधं बकरीच्याही मज्जासंस्थेवर तसाच घाव घालतात. लाळ गळणं, अंग थरथरणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, धाप लागणं ही लक्षणं दिसली की घरगुती उपायात वेळ न घालवता पशुवैद्यकाला बोलवा. ॲट्रोपिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर जनावर वाचू शकतं. माझं मत स्पष्ट आहे : शेवटच्या फवाऱ्याला महिना उलटल्याशिवाय त्या शेतात बकरी सोडू नका. शेजाऱ्यानं कधी फवारलं तेही विचारून घ्या, आणि धुऱ्यावर औषधाचे रिकामे डबे, पुड्या पडल्या असतील तर आधी उचला.

बीटी कापसाची पानं खाऊन जनावरं मरतात, हेही गावोगाव बोललं जातं. 2006 मध्ये वरंगल भागातल्या मेंढपाळांनी तशी तक्रार केली होती आणि त्यावर मोठा वाद झाला. बीटीचं प्रथिन अळीच्या आम्लारी आतड्यात काम करतं, बकरीच्या आम्लयुक्त पोटात त्याचे तुकडे होतात. मला त्याच्यापेक्षा फवारलेल्या औषधाची काळजी जास्त वाटते.

पऱ्हाटीत स्वतःचंही एक विष आहे, गॉसिपॉल. ते सर्वांत जास्त सरकीत असतं. मोठ्या बकरीच्या पोटातले जिवाणू त्याचा बराचसा जोर मोडतात, पण तीन-चार महिन्यांच्या आतल्या पिल्लांचं ते पोट अजून तयार झालेलं नसतं. त्यांना पऱ्हाटीत नेऊ नका, सरकी किंवा सरकीची ढेपही देऊ नका. गाभण बकरी शेवटच्या दीड महिन्यात असेल तर तिलाही घरीच ठेवा, आणि पैदाशीच्या बोकडाला रोज सरकीवर पोसू नका.

उपाशी बकरी पऱ्हाटीत सोडणं ही सर्वांत मोठी चूक. भुकेली बकरी बोंडांवर तुटून पडते, सरकी-कापसाचा गोळा पोटात साठतो आणि पोट फुगतं किंवा बंद पडतं. सकाळी आधी तुरीचं किंवा हरभऱ्याचं कुटार खाऊ द्या, पाणी पाजा, मग पहिल्या दिवशी तासभरच चारा. पोटातल्या जिवाणूंना नव्या चाऱ्याची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात, म्हणून वेळ हळूहळू वाढवा. 30 किलोच्या बकरीला दिवसाला साधारण एक किलो सुका अंश लागतो. हिरवा चारा बहुतेक पाणीच असतो, त्यामुळे हिरव्यात मोजलं तर हेच तीन-चार किलो होतं. निम्मं पोट शेतात भरलं तरी संध्याकाळी घरी कुटार आणि थोडा बाभळीचा, बोरीचा पाला ठेवाच. सुबाभूळ असेल तर एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, त्यात मिमोसीन असतं.

सात बकऱ्यांनी साडेतीन एकर साफ होईलच असं नाही. आपल्याकडे तांड्यावरच्या बकऱ्यांचे कळप त्या दिवसांत चाऱ्याच्या शोधात असतात. त्यांना चार दिवस शेतात बसू द्या, जाताना लेंडीखत शेतातच राहील. फक्त शेवटच्या फवाऱ्याची तारीख त्यांना आधी सांगा, आणि लगतच्या हरभऱ्यावर राखण ठेवा.

शेवटची गोष्ट शेजाऱ्यांची. पतंग एका शेतातून दुसऱ्यात सहज जातो, म्हणून एकट्याचं शेत साफ करून भागत नाही. या वर्षी शेवटचा वेचा डिसेंबरअखेर आटोपायचा आणि जानेवारीत कुणाचीच पऱ्हाटी उभी ठेवायची नाही, एवढं धुऱ्यालगतच्या सगळ्यांनी बसून ठरवा.