‘पाणी द्या’चे इंग्रजी काय?

(मोठ्या गटासाठी. वर्गात मोठ्याने वाचायचा धडा. आईबाबांनीही घरी वाचावा.)

मुलांनो, मागच्या महिन्यात आपण आज्ञार्थ शिकलो. फळ्यावर ‘बस’ आणि ‘बसा’ असे लिहिले तेव्हा तुमच्यापैकी एकाने विचारले होते, “काका, मराठीत प्लीज कुठे आहे?” मी ‘कृपया’ असे उत्तर दिले. ते चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. ‘कृपया’ पाटीवर राहतो. कृपया रांगेत उभे राहावे, कृपया येथे थुंकू नये. घरी आजीला कोणी “कृपया पोळी वाढ” म्हणाले, तर आजी आधी कपाळाला हात लावून ताप बघेल. त्या प्रश्नाचे खरे उत्तर मला एका विमानप्रवासात मिळाले होते, आणि ते मिळताना माझी चांगलीच तारांबळ उडाली होती.

२०२३ च्या जूनमध्ये आम्ही मुंबईहून नेवार्कला परत येत होतो. माझे वडील बरोबर होते. ते एस.टी.त एकतीस वर्षे कंडक्टर होते. सातारा जिल्ह्यातले घाट, यात्रेच्या जादा गाड्या, सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणे, सगळे त्यांनी निभावले होते. विमानात मात्र ते पहिल्यांदाच बसत होते. जेवणे झाली, दिवे मंद झाले, मला झोप लागली. वडिलांना रात्रीची गोळी घ्यायची होती आणि पाणी हवे होते. कर्मचाऱ्यांना बोलावायचे बटण मी त्यांना दाखवून ठेवले होते. त्यांनी ते दाबले, दोनदा. कंडक्टरचा हात तो! एस.टी.त एक घंटा म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला. त्या विमानात मात्र बटण एकदा दाबले की दिवा लागत होता आणि पुन्हा दाबले की विझत होता. अर्ध्या तासात वडिलांनी चार वेळा बोलावले आणि चारही वेळा ते बोलावणे स्वतःच रद्द केले. त्यांच्या हिशेबी, आपण चारदा बोलावले आणि कोणी फिरकले नाही.

आमच्या जागा अगदी शेवटच्या रांगेत होत्या. पाठीमागे पडदा, आणि पडद्याआड जेवणाच्या गाड्या ठेवायची जागा. वडील उठून तिकडे गेले. तेवढ्यात विमान हलू लागले आणि पट्टे बांधण्याची खूण लागली. आत एक तरुण कर्मचारी स्वतःच्या घडीच्या खुर्चीत पट्टा बांधून बसली होती. तिला दिसले ते असे : पडदा बाजूला करून एक म्हातारा माणूस डुलत उभा आहे.

वडील म्हणाले, “गिव्ह वॉटर.”

ती म्हणाली, “सर, यू नीड टू गो बॅक टू युअर सीट. नाउ.” आणि तिने तळहात पुढे केला.

वडिलांचा आवाज चढला. तिचाही चढला. मग वडील मराठीवर आले, आणि ते मराठी घाटातल्या गाडीतले होते. एक वरिष्ठ कर्मचारी धावत आला. त्याच्या हातात एक छापील कागद होता. त्यात लिहिले होते की आपले वर्तन बेकायदेशीर ठरू शकते आणि उतरल्यावर आपल्याला पोलिसांच्या ताब्यात दिले जाऊ शकते.

माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. ती जागी झाली, पट्टा न सोडता मागे वळली आणि त्या दोघांना इंग्रजीत म्हणाली, हे माझे आजोबा आहेत, गोळी घ्यायला थोडे पाणी मिळेल का असे विचारताहेत. मग आजोबांना म्हणाली, “आजोबा, त्या म्हणताहेत विमान हलतंय, पडाल. जरा बसून घ्या, पाणी आणून देतील.” वडील बसले. मी जागा झालो तोवर सगळे संपले होते आणि तो कागद माझ्या हातात होता.

विमान स्थिरावल्यावर तीच मुलगी दोन पेले पाणी घेऊन आली. वडिलांनी गोळी घेतली, पण नेवार्कपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. मी बाकीचे आठ तास विमानाच्या दाराशी पोलीस उभे असतील का, व्हिसाचे काय होईल, याचा हिशेब करत बसलो. दाराशी कोणी नव्हते. गाडीत बसल्यावर वडील म्हणाले, “परतीचं तिकीट बघ. उद्याचं मिळालं तर उद्याचं.”

आता व्याकरणाकडे येऊ. वडिलांच्या मनात काय होते? ‘पाणी दे’ नव्हे, ‘पाणी द्या’. त्यांनी आयुष्यात परक्या बाईला ‘दे’ म्हटलेले नाही. मराठीत आदर क्रियापदातच बसलेला असतो. दे, द्या, देता का, द्याल का, मिळेल का, अशी पायऱ्यांची शिडी आहे, आणि त्यात ‘जरा’ किंवा ‘तेवढं’ घातले की आणखी मऊपणा येतो. “तेवढं पाणी द्या” यात प्लीज कुठेच नाही आणि तरी ते विरघळून सगळीकडे आहे. इंग्रजीत ‘दे’ला आणि ‘द्या’ला एकच शब्द, गिव्ह. वडिलांनी प्रामाणिकपणे शब्दाला शब्द ठेवला आणि ‘या’ एवढा आदर वाटेतच सांडला. समोर पोचला तो हुकूम.

उलट बाजूनेही तेच झाले. तिच्या वाक्यात आदर होता, तो ‘सर’ या शब्दात. वडिलांना तो ऐकूच आला नाही. त्यांना दिसला तळहात. माझी मुलगी म्हणते की आजोबांना ते ‘बाजूला सर’ मधले ‘सर’ वाटले असणार. हा विनोद आहे, पण अगदीच खोटा नाही.

आणखी एक शब्द मध्ये येतो. आपण या कर्मचाऱ्यांना मराठीत ‘हवाई सुंदरी’ म्हणत आलो. मला हा शब्द आवडत नाही. त्यात काम कोणते ते कळत नाही, आणि आता तर कित्येकदा समोर पुरुष असतो. ‘हवाई परिचारिका’ हा शब्द इतिहासाला अधिक धरून आहे. जगातली पहिली विमान परिचारिका एलेन चर्च ही खरोखरच परिचारिका होती. मे १९३० मध्ये तिने सॅन फ्रान्सिस्को ते शिकागो मार्गावर काम सुरू केले. विमानात परिचारिका असेल तर घाबरलेल्या प्रवाशांना धीर येईल, हे तिनेच कंपनीला पटवले होते.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एकाच यंत्रावर दोन प्रोग्राम चालतात. एक समोर दिसतो, दुसरा मागे गुपचूप लक्ष ठेवतो, आणि मागच्याने हाक मारली की समोरच्याला जागच्या जागी थांबावे लागते. विमानातल्या कर्मचाऱ्यांचे तसेच आहे. चहा, जेवण, पांघरूण हा समोरचा प्रोग्राम. मागचा सुरक्षेचा. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे मोठ्या विमानात दर पन्नास आसनांमागे एक कर्मचारी लागतो, तो चहासाठी नव्हे. निम्मे दरवाजे बंद असताना सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर काढता येतात, हे विमानाच्या चाचणीत दाखवावे लागते, आणि त्यांना बाहेर काढणारे हेच लोक. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान उतरताना तटरक्षक दलाच्या विमानाला धडकून पेटले. त्या लहान विमानातले पाच जण गेले. पण मोठ्या विमानातले ३७९ च्या ३७९ जिवंत बाहेर आले. आतली ध्वनिक्षेपक यंत्रणा बंद पडली होती. कर्मचाऱ्यांनी कर्णे घेऊन आणि ओरडून माणसे हलवली. अशा वेळी कोणी शिडीच्या वरच्या पायरीवरून बोलत नाही.

पडद्याशी उभे राहिल्याने एवढे काय बिघडते, असे मलाही आधी वाटायचे. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणारे विमान म्यानमारवर एकाएकी इतके हादरले की एक प्रवासी दगावला आणि कितीतरी जण जखमी झाले. तेव्हा त्या मुलीने वडिलांना बसायला लावले यात तिची चूक नव्हती. एवढेच की “पडाल” हा एक शब्द ती बोलली असती तर बरे झाले असते. आणि कागद काढायची घाई झाली, असे मला अजून वाटते.

घाईलाही कारण आहे म्हणा. २०२१ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाकडे बेशिस्त प्रवाशांच्या ५,९७३ तक्रारी आल्या. त्यांतल्या ४,२९० मास्क घालण्यावरून होत्या. भारतात मार्च २०१७ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादच्या खासदारांनी दिल्लीत विमान उतरल्यावर कंपनीच्या एका वयस्क अधिकाऱ्याला चपलेने मारले. बिझनेस वर्गाची जागा मिळाली नाही, हे कारण. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारताने प्रवासबंदीचे नियम आखले. शिवीगाळीला तीन महिन्यांपर्यंत बंदी, अंगावर हात टाकल्यास सहा महिन्यांपर्यंत, जिवाला धोका केल्यास किमान दोन वर्षे.

भांडणात दर वेळी प्रवाशाचाच अधिकार कमी असतो असेही नाही. ५ डिसेंबर २०१४ ला न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर कोरियन एअरच्या अध्यक्षांच्या मुलीला मॅकेडेमिया नट बशीऐवजी पाकिटातून दिले गेले. ती स्वतः कंपनीची उपाध्यक्ष होती. तिने निघालेले विमान परत वळवायला लावून मुख्य कर्मचाऱ्याला खाली उतरवले. पुढे कोरियातल्या न्यायालयाने तिला एक वर्षाची शिक्षा दिली. २०१५ च्या मे महिन्यात अपिलात ती स्थगित होऊन तिची सुटका झाली. विमानात कोणाला उतरवायचे हे १९६३ च्या टोकियो कराराप्रमाणे कॅप्टन ठरवतो, कंपनीच्या मालकाची मुलगी नव्हे.

वडिलांचे परतीचे तिकीट मी बघितले नाही. आठवड्याने जेवताना मुलीने विचारले, “आजोबा, चालत्या गाडीत कोणी दारात उभं राहिलं तर तुम्ही काय करायचा?”

“आत हो म्हणून ओरडायचो.”

“द्या, घ्या, तेवढं, जरा, असं काही नाही?”

“जरा कसलं! घाटात दार उघडं, पडला तर मला जाब द्यावा लागायचा.” एवढे बोलून ते थांबले. मग म्हणाले, “ती पोर पंचविशीचीसुद्धा नसेल.”

सप्टेंबरमध्ये ते ठरल्या दिवशी परत गेले. नातीने सदऱ्याच्या खिशात एक चिठ्ठी दिली होती, देवनागरीत : ‘कुड आय प्लीज हॅव सम वॉटर’. खाली लिहिले होते, ‘बटण एकदाच.’ साताऱ्याला पोचल्यावर फोन आला. आधी हवापाणी, मग शेजाऱ्यांची चौकशी, आणि शेवटी, “पाणी मिळालं. दोनदा.”

शब्दार्थ : तारांबळ – गडबड, धांदल. जादा गाडी – गर्दीच्या वेळी सोडलेली वाढीव गाडी. फिरकणे – जवळ येणे. जाब देणे – केल्याचे कारण सांगावे लागणे. दगावणे – मरण पावणे.

स्वाध्याय
१. ‘खिडकी बंद कर’ हे वाक्य शिडीच्या पाचही पायऱ्यांवर लिहा. प्रत्येक वाक्य तुम्ही कोणाला म्हणाल तेही लिहा.
२. पडद्याजवळचे संभाषण त्या कर्मचारी मुलीच्या बाजूने मराठीत लिहा. तिला आजोबांना बसवायचेच आहे, हे विसरू नका.
३. घरातल्या आजी-आजोबांना विचारून, त्यांना प्रवासात लागणारी तीन इंग्रजी वाक्ये देवनागरीत चिठ्ठीवर लिहून आणा.