तान्ह्या लेकराचा ताप आणि औषधाचे माप



उसाची गाडी काट्यावर आली की आधी भरल्या गाडीचे वजन होते, मग रिकाम्या गाडीचे. वजाबाकी करून उसाचे वजन धरतात आणि त्यात पाच-दहा किलोचा फरक पडला तरी आपण भांडतो. फवारणीच्या वेळी पंपाला किती मिली, हेही दोनदा विचारतो. पण रात्री तान्ह्या लेकराला ताप भरला, की "थोरल्याची बाटली हाय ना, दे चमचाभर" म्हणून मोकळे होतो. आसेगावसारख्या गावात रात्री दवाखाना जवळ नसतो, म्हणून हे माप घरात माहीत असलेच पाहिजे.

तापावरचे नेहमीचे औषध म्हणजे पॅरासिटामॉल. त्याची मात्रा वजनावर ठरते. एका वेळेस दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, त्यापेक्षा जास्त नाही. समजा, लेकरू 8 किलोचे आहे. त्याला 100 मिलिग्रॅम पुरते. आता खरी गोम बाटलीत आहे. थेंबाच्या लहान बाटलीत बहुधा 1 मिलीतच 100 मिलिग्रॅम औषध असते. पातळ औषधाच्या एका बाटलीत 5 मिलीत 125, तर दुसरीत 5 मिलीत 250 मिलिग्रॅम असते. म्हणजे त्याच लेकराला पहिल्यातले 1 मिली, दुसऱ्यातले 4 मिली आणि तिसऱ्यातले 2 मिली. थेंबाच्या बाटलीतले 4 मिली पाजले, तर चौपट औषध पोटात जाते. असे जास्तीचे औषध वारंवार गेले, तर यकृत निकामी होऊ शकते.

वजन ठाऊक नसेल तर अंगणवाडीत करून घ्यावे. नाहीतर काट्याचाच हिशेब : आईने लेकरासह वजन करावे, मग एकटीने, उरेल ते लेकराचे.

एवढे पाळावे :

1. बाटलीवरचे आकडे वाचावेत. वाचता येत नसेल तर आशाताईंकडून वाचून घ्यावेत.
2. घरचा चमचा वापरू नये. बाटलीसोबतचे माप किंवा बिनसुईची पिचकारी घ्यावी.
3. दोन मात्रांत सहा तासांचे अंतर ठेवावे. दिवसरात्रीत चारपेक्षा जास्त वेळा देऊ नये. वेळ लिहून ठेवावी, नाहीतर आई देते आणि आजीही देते.
4. सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असू शकते. दोन्ही एकदम देऊ नयेत.
5. मोठ्यांची गोळी फोडून देऊ नये. ॲस्पिरिन डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मुळीच नको. निमेसुलाइड 12 वर्षांखालील मुलांना देण्यास आपल्या देशात 2011 पासून बंदी आहे.

तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, तर घरी औषध देत बसू नये. तडक दवाखाना गाठावा. लस दिल्यानंतरच्या तापाला नर्सबाई सांगतील तेवढेच द्यावे. लेकरू अंगावर पीत नसेल, झटके येत असतील, धाप लागली असेल किंवा हाक मारूनही जागे होत नसेल, तर वय कितीही असो, 108 ला फोन करावा.

उसाचे वजन चुकले तर पुढच्या हंगामात भरून काढता येईल. लेकराच्या औषधाचे माप मात्र पहिल्याच वेळी बरोबर पाहिजे. हे पान घरातल्या बायामाणसांना वाचून दाखवावे, ही विनंती.