गावच्या छायाचित्रांची सूची

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणकडे जाणारा रस्ता जेथे फुटतो, ते कसाल हे कुडाळ तालुक्यातील गाव. महामार्गाच्या चौपदरीकरणाने या नाक्याचे रूप पालटले. पूर्वीची रस्त्याची कड कशी होती, हे नव्या पिढीस जुन्या छायाचित्रांवरूनच सांगावे लागेल. छायाचित्रे काढणारे हात आज घरोघर आहेत. उणीव आहे ती हवे ते छायाचित्र हवे तेव्हा सापडण्याची.

ही उणीव केवळ हौसेपुरती नाही. दिनांक १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा उडालेली कौले आणि उन्मळून पडलेली झाडे अनेकांनी टिपली. परंतु कोणत्या वाडीतील, कोणाचे घर, केव्हा, याची नोंद नसलेले छायाचित्र पंचनाम्याच्या कामी फारसे येत नाही. बंधारा, विहीर, शाळेची खोली यांच्या ‘कामापूर्वी’ आणि ‘कामानंतर’च्या चित्रांचेही तसेच आहे.

छायाचित्राबरोबर काही माहिती यंत्र स्वतःच लिहून ठेवते. १९९५ मध्ये जपानमध्ये ठरलेल्या ‘एक्झिफ’ या पद्धतीनुसार दिनांक, वेळ आणि कॅमेऱ्याचा तपशील फाइलीत नोंदला जातो. स्थाननोंद सुरू असल्यास अक्षांश-रेखांशही. अर्थात घड्याळ चुकीचे असेल तर नोंदही चुकते. शिवाय चित्रातील माणसे कोण, काम कोणत्या योजनेतील, हे यंत्राला ठाऊक नसते. ते माणसानेच लिहावयाचे असते. त्यासाठी वृत्तछायाचित्रांच्या व्यवहारातून आलेले ‘आयपीटीसी’ रकाने आणि २००१ मध्ये आलेली ‘एक्सएमपी’ पद्धत उपलब्ध आहे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठविलेल्या चित्राचा आकार कमी होतो व आतील बरीचशी माहिती गळून पडते. मूळ प्रत हवी असल्यास ती दस्तऐवज म्हणून मागवावी किंवा केबलने उतरवून घ्यावी.

सूची करणारी संगणक-प्रणाली म्हणजे ग्रंथालयातील कार्डांची पेटी. पुस्तक कपाटात राहते, कार्डावर फक्त त्याचा पत्ता व वर्णन असते. म्हणूनच एका छायाचित्राची नोंद ‘शाळा’, ‘२०२१’ आणि ‘वादळ’ या तिन्ही शब्दांखाली सापडू शकते, तीन प्रती न काढता. मात्र प्रणालीला बाजूस ठेवून फाइली परस्पर हलविल्या, तर अनेकदा कार्ड राहते आणि पुस्तक हरवते. ‘डिजिकॅम’ ही विनामूल्य, मुक्त-स्रोत प्रणाली शाळा-पंचायतींना सोयीची आहे. गूगलची ‘पिकासा’ एके काळी पुष्कळ घरांत होती. २०१६ मध्ये ती बंद झाली. ज्यांचे वर्णन चित्राच्या फाइलीत होते त्यांचे ते टिकले, ज्यांचे केवळ प्रणालीच्या खतावणीत होते त्यांची अडचण झाली. तेव्हा वर्णन फाइलीतही लिहिले जाईल असा पर्याय सुरू आहे ना, हे पहिल्याच दिवशी पाहावे.

खरी कसोटी शब्दांची आहे. कसालच्या परिसरात ज्याला लोक ‘व्हाळ’ म्हणतात, त्याला शिक्षक ‘ओढा’ लिहितील आणि कार्यालय ‘नाला’. तिघांनी तीन शब्द वापरले की एकाच बंधाऱ्याची चित्रे तीन ठिकाणी विखुरली जातात. म्हणून आरंभीच एक शब्दयादी करावी आणि मुख्य शब्द ठरवून बाकीचे त्याच्याशी जोडावेत. यात गावचा शब्द टाकून देऊ नये. ‘मांगर’, ‘सडा’, ‘कुणगा’ यांना प्रमाण भाषेत तंतोतंत पर्याय नाहीत आणि पन्नास वर्षांनी शोधणारा कदाचित याच शब्दांनी शोधील. वाड्यांची नावेही एकाच लेखनाने लिहावीत. लेखन युनिकोडमध्येच असावे. जुन्या फाँटमधील मजकूर शोधात सापडत नाही. फाइलीच्या नावात वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवल्यास नावांची रांग आपोआप काळाची रांग होते.

सर्वच चित्रे ठेवण्याचा मोह टाळावा. एका ग्रामसभेची चाळीस चित्रे असतील तर चार पुरेत. उलट मालवण तालुक्यातील कुडोपीच्या कातळशिल्पांसारख्या विषयात प्रत्येक आकृतीची स्वतंत्र नोंद हवी. कोकणातील ही शिल्पे २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली; ऊनपावसाने त्यांत होणारा बदल दिनांकित चित्रांवरूनच कळेल. लाभार्थ्यांच्या घरांची स्थाननोंद मात्र चित्र प्रसिद्ध करताना काढून टाकावी.

किनाऱ्याजवळच्या दमट हवेत आणि पावसाळ्यातील विजांच्या दिवसांत एकाच संगणकावर भिस्त ठेवता येत नाही. तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांपैकी एक गावाबाहेर, असा संकेत रूढ आहे. कसालच्या बाबतीत तिसरी प्रत जवळच्या सिंधुदुर्गनगरीत ठेवता येईल. वर्षातून एकदा ती उघडून पाहण्याचे काम कोणाकडे आहे, हे पंचायतीच्या ठरावातच लिहावे.