चाळीस पुरतात

घर रिसोड तालुक्यातल्या खेड्यात. माणसं पाच, मोबाईल चार, टीव्ही एक. एवढ्या प्रपंचाला नेट किती लागतं हे कळायला मला दोन वर्षं आणि बरेच पैसे लागले.

१. शेजाऱ्याकडे १०० एमबीपीएस होतं म्हणून मी १५० घेतलं. हिशेब नंतर केला, सोयाबीनच्या खर्चाच्या वहीत, मागच्या पानावर. टीव्हीवर एचडी सिनेमा ५, लेकीचा ऑनलाइन क्लास फार तर ४, बायकोचं यूट्यूब ५, पोराचे रील्स ३. माझा बाजारभावाचा व्हॉट्सॲप ग्रुप तर मोजण्यातच नाही. सगळे एकदम बसले तरी १७. फोर-के टीव्ही असता तर त्याचेच १५ धरले असते; तो नाही. दुप्पट धरून, वर थोडे ठेवून ४० वर आलो.

२. ४० चा प्लॅन म्हणजे सेकंदाला ४० एमबी उतरणार, असं समजून मी ऑपरेटरशी भांडलो. प्लॅनमधला आकडा बिटचा, फाइलचा बाइटचा. आठ बिटचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ५ एमबी. तो बिचारा बरोबर होता.

३. १५० असतानाही मागच्या खोलीत क्लास अडकायचा. मी प्लॅन वाढवायला निघालो होतो. वायर तपासायला आलेल्या पोरानं आधी राऊटर कुठंय ते विचारलं. आमचं घर जुनं, दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती. आणि आम्ही पेटी हौसेनं देवळीत बसवलेली, पुढं पितळी समई. "काहून कोंडली भाऊ हिला?" तो म्हणाला. पेटीजवळ मोबाईलवर १४० दिसत होते, मागच्या खोलीत ६. त्यानं ती मधल्या दारावर, उंच फळीवर ठेवली. मागं ५५ आले. खर्च दोन खिळे. देवळीत आता बाबांचा चष्मा असतो.

४. गोठ्यातला कॅमेरा चित्र वर पाठवतो, खाली ओढत नाही. दिवसरात्र दोनेक एमबीपीएस अपलोड खातो. प्लॅन घेताना हा दुसरा आकडा विचारावा. काही जाहिरातींत तो बारीक अक्षरातही नसतो.

५. लाईन गेली की सगळे आकडे शून्य. राऊटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, तरी नेट गेलंच. गावातल्या खांबावरच्या पेटीलाही लाईन लागते, हे तेव्हा कळलं.

६. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं उपग्रहावरून नेट देणाऱ्या स्टारलिंकबरोबर इरादापत्र केलं. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिवसोबत आमच्या वाशीम जिल्ह्याचंही नाव आहे. तेव्हापासून पारावर एकच चर्चा, आता नेट वरूनच येणार. येईलही. पण त्याच्या थाळीला मोकळं आभाळ लागतं, आणि आमच्या अंगणावर लिंबाची सावली आहे. बाबांनी आधीच सांगून ठेवलंय, लिंबाला हात लावायचा नाही.