उडवण्याआधी विमान पारखा

रेडिओने चालणारे स्वस्तातले तयार विमान रंगावर भुलून लगेच उडवू नका. बॅटरीची तार न जोडता आधी तीन गोष्टी तपासा.

पहिली : मागून एका डोळ्याने पाहा. एखादा पंख पिळलेला असेल, तर दोन्ही पंखांना वर उचलणारे बल असमान होऊन विमान एका बाजूला कलंडेल.

दुसरी : शेपटीची हलती पट्टी हलकेच ओढा. सैल बिजागरी हवेत निखळली, तर विमान आवरणार नाही. ते कुणाच्या डोक्यावरही पडेल.

तिसरी : बॅटरी जागेवर ठेवून माहितीपत्रकात दाखवलेल्या जागी, बहुधा पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर, विमान दोन बोटांवर तोला. शेपूट खाली झुकली, तर गुरुत्वमध्य मागे आहे. बॅटरी पुढे सरकवा.

गुरुत्वमध्याचे हे महत्त्व पटत नाही? कागदी विमानाच्या आधी नाकाला, मग शेपटीला क्लिप लावून उडवा आणि फरक पाहा!