टेन्साइल शेडचा धंदा: नुसतं कापड विकू नका



व्हिडिओत हिशोब जरा भरभर झाला, म्हणून इथे निवांत लिहितोय.

माझ्या दुकानासमोरची पहिली शेड मी स्वस्तात करून घेतली. एकाच उंचीचे चार पाइप, वर सपाट पीव्हीसी कोटेड कापड. पहिल्याच मोठ्या पावसात मधोमध पाणी साचलं, कापड लोंबलं आणि एक पाइप वाकला. गणित बघा: 2 चौरस मीटरवर 10 सेंटीमीटर पाणी म्हणजे 200 किलो! शेड उतरवली, पैसे पाण्यात. कापड चांगलं होतं, चुकलं ते डिझाइन.

1. आकार: कापड फक्त ओढ सहन करतं. म्हणून समोरासमोरचे दोन कोपरे उंच आणि दोन खाली ठेवतात, घोड्याच्या खोगिरासारखे. एका दिशेचा बाक वरून येणारं वजन पेलतो, दुसऱ्या दिशेचा बाक वाऱ्याची उचल. पाणीही खालच्या कोपऱ्यांकडे निघून जातं. 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिक स्टेडियमचं छत असंच दुहेरी बाकावर उभं आहे. फक्त तिथे कापडाऐवजी तारांचं जाळं आहे.

2. ताण: कडा सरळ नको, आत वळलेली हवी. तिच्यातून स्टीलची केबल जाते, कोपऱ्यावर टर्नबकलने ताणतात. ताणल्यावर कापड वाढतं, म्हणून ते मापापेक्षा किंचित लहान कापतात. सैल कापड वाऱ्यात फडफडतं आणि शिवणीपाशी फाटतं.

3. पाया: आयएस 875 (भाग 3) मध्ये पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर दिलाय. दाब = 0.6 × 39 × 39, म्हणजे चौरस मीटरला साधारण 93 किलो. 5 बाय 5 मीटरच्या शेडवर सव्वादोन टनांहून जास्त! उंची, जागा आणि आकारानुसार हा आकडा बदलतो, पण अंदाज आला ना? पाया नुसता खांब उभा ठेवायला नसतो, शेड उडू नये म्हणूनही असतो.

आता धंद्याचं बोलू. गिऱ्हाईक पहिलं विचारतं, "स्क्वेअर फुटाला किती?" लगेच भाव सांगू नका. आधी जागा बघा. मग कोटेशनमध्ये कापड, स्टील, पाया आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी वेगवेगळी लिहा. स्वस्तवाला पाया कापून भाव पाडतो. तुमच्या शेडखाली कुणाची तरी मुलं उभी राहणार आहेत, हे विसरू नका.

आजचा गृहपाठ: जवळची एक शेड बघा, तिचे उंच कोपरे कोणते आणि पाणी कुठून उतरतं ते वहीत काढा.