गर्भाच्या फुप्फुसातील गाठ : घाई नको, हयगयही नको

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीच्या अहवालात बाळाच्या फुप्फुसात गाठ असल्याचा उल्लेख वाचून जी दांपत्ये दवाखान्यात येतात, त्यांच्या मनाने बाळाचा फैसला बहुधा वाटेतच करून टाकलेला असतो. गर्भपाताच्या कायद्यातील २४ आठवड्यांची मुदत टळेल, या धास्तीने तर ही घाई अधिकच वाढते. वस्तुतः गंभीर गर्भदोष असल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने त्या मुदतीनंतरही निर्णय घेता येतो, अशी तजवीज २०२१च्या दुरुस्तीने केलेली आहे. आणि अशी गाठ असलेली बहुसंख्य बाळे सुखरूप जन्मतात.

पडद्यावर निरोगी गर्भाचे हृदय छातीत डावीकडे आणि त्याच्या दोन्ही अंगांस सारख्याच करड्या छटेची फुप्फुसे दिसतात. एका बाजूस शुभ्र, चकाकता भाग अथवा पाण्याने भरलेल्या काळ्या पोकळ्या दिसल्या आणि हृदय पलीकडे ढकललेले आढळले, म्हणजे सी-पॅम या फुप्फुसाच्या जन्मजात विकृतीचा संशय येतो; त्या भागाची धमनी थेट महारोहिणीतून निघताना कलर डॉप्लरवर दिसली, तर तो बहुधा श्वासमार्गाशी संबंध नसलेला फुप्फुसाचा विलग खंड असतो. हृदयाशेजारी जठराची काळी पिशवी दिसल्यास मात्र दोष श्वासपटलाच्या छिद्राचा असतो, आणि ते प्रकरण निराळे व अधिक कठीण होय.

सी-पॅमच्या गाठीचे घनफळ डोक्याच्या घेराशी ताडून एक गुणोत्तर काढतात. ते १.६ हून अधिक असल्यास गर्भाच्या अंगात पाणी साचण्याचा धोका वाढतो, म्हणून सोनोग्राफी वरचेवर करावी लागते, प्रसंगी मातेस स्टिरॉइडची इंजेक्शनेही देतात. एरवी २८ आठवड्यांच्या सुमारास गाठीची वाढ बहुधा मंदावते आणि पुढे ती पडद्यावरून दिसेनाशीही होते.

नेमकी येथेच हयगय होते. न दिसणारी गाठ नाहीशी झालेली असतेच असे नाही, नवजात बाळाचा एक्स-रे स्वच्छ असला तरीही. आणि राहिलेल्या गाठीत पुढे वारंवार जंतुसंसर्ग होऊ शकतो. लक्षणे नसलेल्या बाळावर शस्त्रक्रिया करावी की नुसते लक्ष ठेवावे, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु पहिल्या काही महिन्यांत सीटी स्कॅन करावा, याबद्दल बहुतेकांचे एकमत आहे. म्हणून माता-पित्यांना माझी कळकळीची विनंती, की गरोदरपणातील सोनोग्राफीचे सर्व कागद बालरोगतज्ज्ञांच्या हाती द्यावेत आणि त्या स्कॅनविषयी त्यांच्याशी बोलूनच बाळाला घरी न्यावे.